तेक्क्यन: एका म्हाताऱ्याच्या पायांनी राखलेला खेळ

[दृश्य: लाकडी जमीन, पांढऱ्या मोज्यांतली पावलं]

आधी पावलं बघा. चेहरे नंतर.

उजवा पाय पुढे पडतो. गुडघा थोडा खाली बसतो, मग कंबर पुढे रेटली जाते, पोट बाहेर येतं आणि पाय मागे जातो. आता डावा. जमिनीवर एक त्रिकोण आहे असं धरा. दोन कोनांवर दोन पाय, आणि पुढच्या कोनावर पाळीपाळीने एकेक पाऊल पडून परत येतं. हात खांद्यापासून सैल सुटलेले, हेलकावे खाणारे. मूठ वळलेली नाही. लढाऊ पवित्रा घेऊन कुणी थिजून उभं नाही. नवख्याला हा नाच वाटेल.

या पदन्यासाला 'पुमबाप्की' म्हणतात आणि खेळाला तेक्क्यन. ही दक्षिण कोरियाच्या चुंगजू शहरातली सकाळची शिकवणी आहे. रांगेत शाळकरी मुलं आहेत, तिशी-चाळिशीतल्या बायका आहेत, सत्तरी ओलांडलेले एक आजोबाही आहेत. लाथ मारायला अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीला एवढंच करायचं असतं: बसणं, रेटणं, मागे येणं. गुडघा बसण्याआधीच पोट पुढे गेलं की शिक्षक कमरेवर हात ठेवून थांबवतात आणि पहिल्यापासून करायला लावतात. लाथेचं सगळं बळ या बसण्या-उठण्यातूनच निघतं. मांडी ताणून मारलेली लाथ आणि कमरेच्या झोक्यातून सुटलेली लाथ यांतला फरक, बघा, इथे स्पष्ट दिसतो.

[ध्वनी: सरावाच्या आरोळ्या]

"इखू! एखू!" हा आवाज धाक दाखवण्यासाठी नाही. पोटातून तुटक श्वास बाहेर पडतो, त्याच्यासोबत हा उच्चार येतो, आणि त्या क्षणी अंग ताठर होत नाही.

[दृश्य: दोन खेळाडू समोरासमोर]

आता झुंज बघू. नियम दोनच आहेत, पण त्यांत या खेळाचं सगळं शहाणपण आलं. प्रतिस्पर्ध्याला पाडलं, म्हणजे त्याच्या गुडघ्याच्या वरचा कुठलाही भाग जमिनीला टेकला, तर जिंकलात. किंवा त्याच्या तोंडावर पाय लागला तर जिंकलात. आणि दोघांनीही एक पाय सतत पुढे ठेवायचा, समोरच्याला तो सहज मिळेल अशा बेताने. अंतर राखून, लांब पळून खेळायची सोयच नाही. माझा पाय तुझ्या पुढ्यात आहे, हिंमत असेल तर उचल.

संथ गतीत बघा. डावीकडच्या खेळाडूने तळपाय वळवून समोरच्याच्या टाचेमागे घातला आणि आपल्याकडे ओढला. आपल्या तालमीतला पैलवान हे बघून लगेच म्हणेल, ही तर टांग. त्याच वेळी त्याचा हात समोरच्याच्या मानेमागे गेलेला आहे. पाय पुढे ओढला जातोय, मान खाली. तोल राहणार कसा?

दुसरा डाव याच्या उलट. नडगीवर तळवा टेकवून समोरच्याचं येणारं पाऊल मधेच अडवायचं. आणि हा तिसरा, प्रेक्षक ज्याची वाट बघत असतात तो: पाय वर उचलून तळव्याने गालावर चापट.

छातीवरची लाथ जरा नीट बघा. ती फटकन बसत नाही. पाय छातीला लागतो, टेकतो आणि मग ढकलतो. समोरचा चार पावलं मागे जातो, बरगड्या मात्र शाबूत. हे मुद्दाम आहे. जुन्या खेळात समोर शत्रू नसायचा, शेजारच्या वस्तीतला पोरगा असायचा. सणाचा दिवस सरला की त्याच्याशीच बाजारात गाठ पडायची. इजा न करता हरवणं हे इजा करून हरवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, आणि या खेळाची खरी कारागिरी तिथेच आहे.

[दृश्य: थडग्यातील भित्तिचित्रांची छायाचित्रं]

कोरियन युद्धकलांची कहाणी बहुतेक ठिकाणी या चित्रांपासून सुरू होते. कोगुर्यो या प्राचीन राज्यातली ही थडगी आज चीनच्या हद्दीत, जीआन इथे आहेत. एका थडग्याच्या भिंतीवर दोन मल्ल एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकवून भिडले आहेत. ही कोरियन कुस्ती, म्हणजे 'सिरुम', हे कुणीही ओळखेल. 2018 मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाने मिळून तिची युनेस्कोच्या यादीत नोंद करवून घेतली. शेजारच्या थडग्यात दोन माणसं हात उगारून समोरासमोर उभी आहेत, आणि त्यांच्यावरून तायक्वांदो दोन हजार वर्षं जुना असल्याचं सांगितलं जातं. महाराष्ट्रात गल्लोगल्ली चालणाऱ्या तायक्वांदोच्या वर्गांतही मुलं हेच पाठ करतात. चित्र सुंदर आहे. पण त्यातल्या दोन माणसांपासून आजच्या मुलाच्या लाथेपर्यंत अखंड धागा दाखवता येत नाही, आणि तो आहे असं मानायची गरजही नाही.

[दृश्य: सुवन, ह्वासोंग राजवाड्यापुढचं प्रात्यक्षिक]

कागदावरचा पुरावा हवा असेल तर सुवनला यावं लागतं. राजवाड्याच्या दारापुढे तलवारी, भाले, वेताच्या ढाली घेऊन हे कलाकार जे दाखवतायत ते 1790 सालच्या 'मुयेदोबोथोंगजी' या सचित्र ग्रंथावर आधारलेलं आहे. राजा जोंगजो याच्या आज्ञेवरून यी दोक-मू, पाक जे-गा आणि बेक दोंग-सू यांनी तो तयार केला. त्यात 24 युद्धप्रकार आहेत, पैकी सहा घोड्यावरचे. 1592 मध्ये जपानी फौजा कोरियात घुसल्या आणि सात वर्षं देश जाळत राहिल्या, त्या धक्क्यातून हे लेखन सुरू झालं. म्हणून त्यात चिनी सेनापतीच्या पुस्तकातून घेतलेले हातघाईचे प्रकार आहेत आणि जपानी तलवारीचे हातही आहेत. जे उपयोगी पडलं ते घेतलं आणि कुठून घेतलं तेही लिहिलं. हा प्रामाणिकपणा नंतरच्या काळात राहिला असता तर बरं झालं असतं.

[दृश्य: तायक्वांदोचा वर्ग, पट्ट्यांची रांग]

तायक्वांदोचा जन्म विसाव्या शतकातला. 1944 मध्ये सोलमध्ये 'चुंगदोक्वान' ही शाळा काढणारे ई वन-गुक जपानमध्ये शोतोकान कराटे शिकून आले होते. तशा आणखी शाळा निघाल्या. 1955 मध्ये जनरल छ्वे होंग-ही यांच्या पुढाकाराने तायक्वांदो हे नाव ठरलं, 1972 मध्ये सोलमध्ये कुक्कीवन हे मुख्यालय उभं राहिलं आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकं मिळू लागली. कोरियन शिक्षकांनी पुढे कराटेच्या हातांपेक्षा पायांवर भर दिला. ही त्यांची स्वतःची निर्मिती आहे आणि तिचं मोल मोठंच आहे.

पण पायाने खेळायची जी रीत सोलच्या गल्ल्यांत आधीपासून होती, तिला ना गणवेश होता, ना पट्टे, ना शाळा. ती ग्रंथात नव्हती, कारण ती सैन्याची नव्हतीच. ती लोकांची होती.

[दृश्य: यू सुक यांच्या चित्राचा जवळून घेतलेला भाग]

एकोणिसाव्या शतकातले चित्रकार यू सुक यांच्या या चित्रात मोठी गर्दी गोल करून बसली आहे. मध्ये एक जोडी सिरुम खेळते आहे, दुसरी तेक्क्यन. फेरीवाला आहे, पोरं आहेत, टोप्या घातलेले पोक्त पुरुष आहेत. याच शतकाच्या अखेरीला, 1895 मध्ये, स्टुअर्ट क्यूलिन या अमेरिकन अभ्यासकाचं कोरियन खेळांवरचं पुस्तक आलं. त्यात या खेळाचं मोजक्या ओळींत वर्णन आहे: समोरच्याचा पाय लाथेने उडवायचा, एक पाऊल मागे घेता येतं, म्हणून पाय नेहमी तीनपैकी एका जागी असतात, उंच लाथ चालते आणि ती हातांनी पकडतात. सुरुवातीला पाहिलेला त्रिकोण आठवा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाने नेमका तोच टिपला आहे.

[दृश्य: सोल, इन्वांगसान डोंगराचा पायथा]

हा साजिक-दोंग भाग. 1893 मध्ये इथे सोंग दोक-गी जन्मले. लहानपणीच इम हो यांच्याकडे ते तेक्क्यन शिकले. शिकवणी कसली, डोंगराच्या उतारावर गवतात खेळणंच ते. पाचव्या चांद्रमहिन्यातल्या पंचमीला, म्हणजे 'दानो'च्या सणाला, वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे गडी भिडायचे. आधी लहान पोरं, मग मोठी माणसं, रात्रीपर्यंत. जिंकणारा मैदानात थांबायचा, हरणाऱ्या बाजूने पुढचा गडी पाठवायचा.

1910 मध्ये जपानने कोरिया गिळला. परक्या राजवटीत गर्दी जमवणारे असे खेळ दबत गेले, दानोच्या झुंजी बंद पडल्या आणि खेळणारे एकेक करून विझले. सोंग यांनी धनुर्विद्या धरून ठेवली आणि तेक्क्यन अंगात. जपानी गेले, मग कोरियन युद्ध आलं. 1958 मध्ये राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यापुढे या खेळाचं प्रात्यक्षिक करायला माणूस हवा होता, तेव्हा साठी ओलांडलेले सोंगच उभे राहिले. एका अख्ख्या शहराचा खेळ एका माणसाच्या गुडघ्यांत आणि टाचांत उरला होता.

[दृश्य: सोंग यांची जुनी छायाचित्रं]

पांढऱ्या कोरियन पोशाखातले हे सोंग. उचललेला पाय बघा आणि त्याखालचा वाकलेला गुडघा बघा.

त्यांच्याकडे शिकायला आले चुंगजूचे शिन हान-सुंग. मूळचे कुस्तीगीर, म्हणून तोल म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. सोंग यांना अंगाने येत होतं, पण त्यांनी त्याची कधी मांडणी केली नव्हती. ती शिन यांनी केली: आधी एकट्याने घटवणं, मग जोडीदाराने पाय पुढे करायचा आणि दुसऱ्याने त्यावर डाव करून बघायचा, शेवटी झुंज. आज सकाळी आपण पाहिली ती शिकवणी याच क्रमाने चालते. जोडीच्या सरावात पडणाऱ्यालाही शिकवतात. टांग बसतेय हे कळल्यावर पाय आखडायचा नाही, उचलून काढून घ्यायचा.

शिन यांनी सरकारदरबारी वर्षानुवर्षं खेटे घातले, आणि 1 जून 1983 रोजी तेक्क्यन हा देशाचा 76 वा महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा ठरला. सोंग आणि शिन दोघांनाही अधिकृत वारसदार म्हणून मान मिळाला. 1987 मध्ये, एकाच वर्षी, दोघेही गेले. 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. दरम्यान शिष्यांच्या वेगवेगळ्या संघटना झाल्या आणि कुणाची रीत खरी यावर त्यांचं आजही एकमत नाही.

[दृश्य: उघड्यावरची सांघिक झुंज, प्रेक्षकांचा गोल]

झुंजी मात्र पुन्हा उघड्यावर आल्या आहेत, सोलच्या इन्सादोंगसारख्या गजबजलेल्या भागातही. निळ्या बाजूच्या या मुलीने सलग दोघांना पाडलंय. तिसरा गडी उंचीने तिच्यापेक्षा वीतभर जास्त आहे. नियमाप्रमाणे त्याचा पाय पुढे आहे. ती घाईने लाथ मारत नाही, पावलं टाकत राहते, एक, दोन, आणि त्याचं वजन पुढच्या पायावर आलं त्याच क्षणी तिची टाच त्याच्या टाचेमागे जाते. त्याची मांडी जमिनीला टेकली. प्रेक्षक ओरडतायत, तो हसत तिच्या हाताला धरून उठतोय, आणि लाल बाजूचा चौथा गडी बूट काढतोय.