मोडक सागर आणि अभियंत्यांची अकादमी

नमस्कार, श्रोतेहो.

जुलै महिन्यात पावसाने जोर धरला, की मुंबईकर रोज सकाळी तलावांच्या बातमीकडे कान लावून बसतो. तलाव कितपत भरले, कपात कधी उठणार, हे त्याला त्यातून कळते. या तलावांपैकी तानसा आणि भातसा यांना नद्यांची नावे आहेत. मोडक सागर हे नाव मात्र एका माणसाचे आहे. एन. व्ही. मोडक हे मुंबई महापालिकेचे अभियंते होते. वैतरणा नदीवरील, १९५७ साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव देण्यात आले. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरच्या नळाला त्या जलाशयाचे पाणी येते, परंतु मोडक कोण होते असे विचारले, तर उत्तर देणारे फार थोडे भेटतील.

अभियंत्याच्या कामाचे स्वरूपच असे आहे. काम चोख झाले, तर त्याची कोणाला आठवण होत नाही. पाणी येते, लोकल धावते, पूल उभा राहतो. मग एखाद्या अभियंत्याने आयुष्यभर जे केले ते खरोखर मोलाचे होते, हे ठरवायचे कोणी? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून अनेक देशांनी अभियंत्यांच्या राष्ट्रीय अकादमी स्थापन केल्या. स्वीडनमध्ये अशी संस्था १९१९ सालीच निघाली, अमेरिकेत १९६४ मध्ये, ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये. आपल्याकडे भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी १९८७ साली स्थापन झाली.

आपण मराठीत निवड आणि निवडणूक असे दोन शब्द वापरतो, आणि अकादमीच्या बाबतीत हे दोन्ही एकाच वेळी लागू पडतात. येथे मतदान होते, पण कोणी उमेदवारी अर्ज भरत नाही आणि कोणी प्रचार करत नाही. अगोदरपासून फेलो, म्हणजे अकादमीचा निवडलेला सदस्य, असलेला अभियंता दुसऱ्याचे नाव सुचवतो आणि त्याच्या कामाचे पुरावे मांडतो. त्या त्या शाखेतील जाणकारांची समिती ते तपासते. स्थापत्य अभियंत्याचे काम स्थापत्य अभियंते पाहतात, रासायनिक अभियंत्याचे रासायनिक अभियंते. त्या चाळणीतून जी नावे उरतात, त्यांच्यावर फेलोंचे मत घेतले जाते. निवड झालेल्याला त्यामुळे पगार मिळत नाही की बढती मिळत नाही. ज्यांना त्या कामातील अडचणी स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहेत, त्यांनी विचारपूर्वक दिलेली दाद एवढेच त्याच्या पदरात पडते, आणि माझ्या मते अभियंत्याला याहून मोठा मान नाही.

या परंपरेशी मुंबईचे नाते फार जुने आहे, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. लंडनची रॉयल सोसायटी ही विज्ञानाची जुनी आणि मानाची संस्था. तिचा फेलो म्हणून निवडून आलेला पहिला भारतीय कोण होता? पुष्कळजण रामानुजन यांचे नाव घेतील, परंतु त्यांची निवड १९१८ सालची. त्यांच्या सत्त्याहत्तर वर्षे आधी, २७ मे १८४१ रोजी, मुंबईच्या गोदीत वाढलेल्या एका पारशी अभियंत्याला हा मान मिळाला होता. त्यांचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया. जहाजबांधणी हा वाडिया घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. अर्देशीरांचे लक्ष मात्र वाफेच्या यंत्राने वेधून घेतले. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या घरात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. तेलाच्या दिव्यांवर रात्र काढणाऱ्या त्या काळच्या मुंबईत तो उजेड पाहून लोकांना काय वाटले असेल, याची आज कल्पनाच करावी लागते. पुढे ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंते झाले आणि परक्या राजवटीत युरोपीय कामगार त्यांच्या हाताखाली काम करू लागले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते रॉयल सोसायटीसाठीचे त्यांचे शिफारसपत्र. त्यात विशेषणांची आरास नाही. या गृहस्थांनी मुंबईत गॅसचे दिवे आणले आणि साठ टनांचे जहाज बांधून त्याला वाफेचे यंत्र बसवले, अशी नेमकी कामे त्यात नोंदवली आहेत. काय बांधले, काय चालवले, ते सरळ सांगितले आहे. आजच्या कोणत्याही अकादमीने नाव सुचवणाऱ्यांसमोर हा नमुना ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या काळातही मुंबईने या बाबतीत मान खाली घालण्याची वेळ येऊ दिली नाही. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या यूडीसीटीतील, प्राध्यापक मनमोहन शर्मा १९९० साली रॉयल सोसायटीवर निवडले गेले. त्यांचेच विद्यार्थी रघुनाथ माशेलकर हेही पुढे त्या सोसायटीचे फेलो झाले, आणि अमेरिकेच्या अभियांत्रिकी अकादमीनेही त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. माटुंग्याच्या त्या संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकलेले अनिल काकोडकर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीच्या उभारणीत अग्रभागी होते, आणि पुढे ते आपल्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे अध्यक्षही झाले.

परंतु एक गोष्ट मला बरीच वर्षे सलते आहे. प्राध्यापकाचे काम शोधनिबंधांतून समोर येते, आणि संशोधन संस्थेतील अभियंत्याचे अहवालांतून व पेटंटांतून. रात्री दोन वाजता फुटलेल्या मुख्य जलवाहिनीवर उभा राहून, कोणती झडप आधी बंद करायची आणि कोणत्या वस्तीला किती तास पाण्यावाचून ठेवणे भाग आहे, हे ठरवणाऱ्या अभियंत्याचे काम कोठे लिहिलेले असते? त्याची टिपणे फायलीत राहतात आणि फाइल यथावकाश अभिलेखागारात जाते. माझ्या ओळखीच्या अशाच एका निवृत्त अभियंत्याचे नाव सुचवण्याचा विचार काही जाणत्या मंडळींनी केला होता. कामाचे पुरावे मागितले, तेव्हा त्या गृहस्थांकडे जुन्या आराखड्यांच्या दोन गुंडाळ्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणी, एवढेच निघाले. विचार तेथेच थांबला. त्यांच्या कामाची योग्यता कमी होती, असे त्यांना ओळखणारा कोणीही म्हणणार नाही.

यात अकादमीच्या नियमांना दोष देऊन भागणार नाही, कारण पुराव्यावाचून निवड होऊ लागली तर त्या मानाला अर्थ उरणार नाही. फेलो मंडळींनी मात्र परिसंवादांच्या सभागृहांतून बाहेर पडून उदंचन केंद्रांवर, रेल्वेच्या कारखान्यांत आणि गोदीत जावे, कामे डोळ्यांनी पाहावीत आणि त्यांच्या नोंदी स्वतः कराव्यात. आणि जे अभियंते आज हे भाषण ऐकत असतील, त्यांनीही प्रत्येक मोठ्या कामानंतर चार पाने लिहून ठेवावीत. अडचण काय होती, पर्याय कोणते होते, निर्णय का घेतला, तो चुकला असेल तर कोठे चुकला, एवढे आले तरी पुरे.

मोडक यांच्या हयातीत अशी नोंद कोणी केली असती, तर अर्देशीरांच्या शिफारसपत्राच्या धर्तीवर त्यांच्यासाठीही एक वाक्य लिहिता आले असते: या गृहस्थांनी वैतरणेचे पाणी मुंबईत आणण्याच्या कामाची जबाबदारी उचलली, आणि १९४८ साली अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर बृहन्मुंबईच्या विस्ताराचा आराखडा मांडला.

नमस्कार.