नसांचं अस्तर आणि रक्ताची गुठळी

(दृश्य: पुण्यातल्या पेठेतली पॅथॉलॉजी लॅब, सकाळी सात. निळ्या झाकणाची ट्यूब जवळून.)

रक्त गोठण्याच्या तपासणीसाठीच्या या ट्यूबमध्ये ०.३ मिलिलिटर सोडियम सायट्रेट आधीच भरलेलं असतं. त्यावर रेघेपर्यंत २.७ मिलिलिटर रक्त घ्यायचं. कमी घेतलं तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त उशिरा गोठतंय असं उगाच दिसतं. सायट्रेट गोठायला लागणारं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. साध्या काचेच्या नळीत ते पाच-दहा मिनिटांत गोठलं असतं.

मग नसांमध्ये का गोठत नाही? तिथे एंडोथेलियम आहे, पेशींचं एकपदरी अस्तर.

(दृश्य: रक्तवाहिनीचा छेद, अ‍ॅनिमेशन.)

या पेशी प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात; प्लेटलेट्स चिकटत नाहीत. पण खरी करामत थ्रॉम्बोमोड्युलिनची. थ्रॉम्बिन हे गुठळी बांधणारं मुख्य एन्झाइम. ते अस्तरावरच्या थ्रॉम्बोमोड्युलिनला चिकटलं, की फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे, बनवायचं सोडून प्रोटीन सी जागं करतं. हे प्रोटीन सी, प्रोटीन एसच्या मदतीनं, कामाला लागलेले फॅक्टर पाच आणि आठ, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, निकामी करतं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि त्यानंच राखण केली!

जखम झाली की अस्तराखालचं कोलॅजन आणि गोठणं सुरू करणारा टिश्यू फॅक्टर उघडे पडतात. अस्तराच्या पेशींमधल्या लांबट पिशव्यांतून फॉन विलेब्रांड फॅक्टर बाहेर येतो आणि प्लेटलेट्स त्याला धरून बसतात. या पिशव्या वायबेल आणि पालाडे या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दाखवल्या.

(दृश्य: दंडावर आवळलेला पट्टा.)

हा पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. फार वेळ आवळला तर अस्तर फॉन विलेब्रांड फॅक्टर आणि गुठळी विरघळवणारं टीपीए रक्तात सोडतं, आणि रिपोर्ट बिघडतो.

पीटी, एपीटीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचण्या मात्र ट्यूबमध्ये, अस्तराविनाच होतात. मधुमेहानं किंवा सिगारेटनं अस्तर खराब झालं असलं, तरी आकडे नॉर्मल येऊ शकतात.

(दृश्य: अ‍ॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी.)

प्लेटलेटला केंद्रक नसतं. या गोळीनं तिचं प्लेटलेट्स चिकटवणारं रसायन बनवणारं एन्झाइम बंद पडलं की तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात ते पुन्हा बनत नाही. अस्तरातली पेशी मात्र नवं एन्झाइम बनवते, म्हणून तिचं प्रोस्टासायक्लिन चालू राहतं. म्हणूनच कमी डोस पुरतो, आणि ऑपरेशनसाठी गोळी थांबवायची असेल तर डॉक्टर काही दिवस आधीच सांगतात. आपल्या मनानं ती बंद करू नये. स्टेंट बसवला असेल तर मुळीच नाही.