सड्यावरचं पाणी

हा सह्याद्रीतल्या चांदोलीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. मे महिन्यात इथं पायाखाली नुसता तापलेला, काळवंडलेला कातळ असतो. मोजणीच्या कागदात असल्या जमिनीला पोटखराबा म्हणतात, म्हणजे पिकाला निरुपयोगी. तोच सडा ऑगस्टमध्ये बघा.

(निवेदन थांबते. वारा, पाऊस.)

खाली बेसाल्ट, वर जांभा. लाखो वर्षांच्या पावसानं मूळ दगडातली सिलिका धुऊन नेली; मागं उरला लोहाचा हा थर. वरून काळा, फोडला तर लाल, आणि आत भोकंच भोकं. म्हणून तर तो पाणी पितो.

माती जेमतेम बोटभर. तिच्यात नत्र जवळपास नाहीच. मग इथल्या झाडांनी ते किड्यांकडून मिळवायला सुरुवात केली. पानावर चमकतंय ते दव नाही, चिकट रस आहे. या वनस्पतीचं नावच दवबिंदू. ही माशी बसली... आता ते केस हळूहळू आत वळताना दिसतील. शेजारची जांभळी फुलं म्हणजे सीतेची आसवं. तीही शिकारीच, पण त्यांचे सापळे पाण्याखाली आहेत: टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या. सूक्ष्म जीव नुसता टेकला, की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत.

सड्यात मुरलेलं पाणी कड्याच्या अंगानं पाझरत राहतं. झरे, ओढे, मग वारणा. खालचं हे दाट रानही त्याच ओलीवर उभं आहे. शेंड्याच्या बारीक फांद्यांत शेकरूचं घरटं दिसतंय. जड शिकाऱ्याचा भार त्या फांद्या पेलत नाहीत, म्हणून जागा तीच.

1985 साली हे अभयारण्य झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान. धरणासाठी आणि जंगलासाठी इथली गावं उठली; जमिनीसाठीचा त्यांचा लढा वर्षानुवर्षं चालला. 2012 पासून चांदोली जागतिक वारसा आहे. हद्दीबाहेर मात्र सह्याद्रीतले असेच सडे बॉक्साइटसाठी खणले गेले, काहींवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. खरवडलेला जांभा आपल्या हयातीत पुन्हा बनत नाही.

संध्याकाळ होतेय. जुन्या शेताच्या गवतातून गवे निघालेत. पायांत पांढरे मोजे, मधे दोन तांबूस वासरं. पुढची गाय थांबलीय, वारा हुंगतेय.

(निवेदन संपते. कळप पाण्यावर येईपर्यंत दृश्य चालू.)