पिंपातला पंचम

[दृश्य: पत्र्याची शेड, भर दुपार. घणाचे घाव. निवेदन पाचव्या घावानंतर.]

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदादची राजधानी. कार्निव्हल जवळ आलाय. मंगळवारच्या मिरवणुकीतली पिसं नि टिकल्या जगानं पाहिल्यात. आम्ही मात्र या शेडमध्ये रमलो, जिथं तेलाच्या पिंपातून 'स्टीलपॅन', म्हणजे 'पॅन' हे वाद्य घडतं.

हे तेलाचं पिंप, साधारण दोनशे लिटरचं. कडेपासून मध्याकडे घण चालवायचा, पत्रा फाटू न देता, तळाची कढई होईपर्यंत. मग बोथट पंचनं प्रत्येक स्वराची वेस ठोकायची. पिंपाचं अंग कापायचं: आखूड ठेवलं तर उंच स्वरांचा टेनर, अख्खं ठेवलं तर खरजाचा बास. त्यानंतर ते जाळावर तापवायचं.

[दृश्य: ट्युनरचा हात, जवळून]

आता लहान हातोडी. खालून एक ठोका, वरून दोन, आणि कान. स्वराच्या एकाच घरात मूळ स्वर जुळवायचा आणि त्याच्या वरच्या सप्तकातला नादही. शेजारचं घर ठोकलं की हे बिघडतं, म्हणून पुन्हा मागे यायचं.

टेनरची मांडणी नीट बघा. 'सा'च्या एका अंगाला पंचम, दुसऱ्या अंगाला मध्यम. असं फिरत गेलं की बारा स्वरांचं कडं पुरं होतं. आतल्या कड्यात तेच स्वर, एक सप्तक वर. ही रचना अँथनी विल्यम्स यांची. आपल्याकडच्या कुठल्याही तंबोरेवाल्याला ती लगेच कळेल.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

१८८१ साली कार्निव्हलच्या मशालींच्या मिरवणुकीत लोक नि पोलीस भिडले. पुढे ब्रिटिश सरकारनं ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. १९३०च्या दशकात बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे आले. पत्र्याला पोचा पडला की स्वर बदलतो, हे आधी कुणाला उमगलं यावर तिथं अजून भांडणं होतात. एली मॅनेट यांनी तळ आत खोलगट केला, हे मात्र बहुतेक जण मानतात. १९९२ साली पॅन राष्ट्रीय वाद्य ठरलं.

[दृश्य: शार्लट स्ट्रीट, रेनेगेड्स या पॅन-बँडचं पॅनयार्ड, म्हणजे सरावाचं आवार, रात्र]

सरावाला येऊन उभं राहा, कुणी हटकत नाही. मोठ्या बँडमध्ये शंभराहून जास्त वादक, आणि समोर कागद नाही. अरेंजर, म्हणजे बँडसाठी रचना बसवणारा, एक तुकडा वाजवून दाखवतो, टेनरवाले उचलतात, मग बास. चुकलं की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मधोमध 'इंजिन रूम': ड्रमसेट, काँगा, आणि लोखंडी सळीनं बडवलेला मोटारीचा ब्रेकड्रम. या रेनेगेड्सना पॅन-बँडांची पॅनोरमा स्पर्धा नऊ वेळा जिंकून दिली जित समारू यांनी. भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांच्या वंशातला हा माणूस.

[निवेदन नाही. संगीत चालू द्या.]

घणाच्या आवाजानं कानांना इजा होते. आठवडेच्या आठवडे घोटलेली रचना फायनलनंतर बहुतेकदा पुन्हा वाजतही नाही.

[दृश्य: क्वीन्स पार्क सव्हाना, चाकांचे रॅक]

पॅनोरमाची फायनल कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी. वादकांसकट रॅक ढकलत नेणारी ही माणसं बक्षिसाच्या फोटोत नसतात. म्हणून आम्ही ती इथे ठेवली.

[दृश्य: जुव्हे, म्हणजे कार्निव्हलची सुरुवात, सोमवारची पहाट, चिखल नि रंग]

जायचंच असेल तर नुसत्या सोमवार-मंगळवारचं तिकीट काढू नका. दोन-तीन आठवडे आधी पोहोचा, संध्याकाळी पोटभर डबल्स, म्हणजे छोले घातलेल्या मऊ पुऱ्या, खा आणि सरळ पॅनयार्ड गाठा.