सशाच्या केसांची झिलई

दक्षिण चीनमधला फूज्येन प्रांत. ज्येनयांगजवळच्या टेकड्यांवर फुटक्या काळ्या खापरांचे ढीग पडलेत. सोंग राजवटीत, ९६० ते १२७९ या काळात, इथे चहाचे ज्येन पेले भाजले जात.

पेला काळाच का? कारण चहा पांढरा होता. चहाच्या वड्या दळायच्या, पूड पेल्यात घालून गरम पाण्यात घुसळायची, की पांढरा फेस येई. अकराव्या शतकात त्साय श्यांग या अधिकाऱ्याने लिहून ठेवलं, की पांढऱ्या चहाला काळा पेला हवा, आणि ज्येनचा पेला जाड असल्याने लवकर निवत नाही. घुसळण्याच्या स्पर्धा लागत. ज्याच्या पेल्यात फेस मोडून कडेला पाण्याची रेघ आधी दिसे, तो हरला. काळ्या झिलईवर, म्हणजे पेल्यावरच्या काचेसारख्या थरावर, ती लपत नसे.

पेल्याचं तोंड साधारण १२ सेंटिमीटर रुंद, उंची सातेक सेंटिमीटर. माती लोहाने भरलेली. झिलई म्हणजे तिथलीच लोहयुक्त माती आणि लाकडाची राख. तिच्यात लोह ऑक्साइड ५ ते ८ टक्के. राखेतल्या चुन्यामुळे ती भट्टीत पातळ होऊन वाहू लागते.

सगळी करामत या वाहण्यात आहे. १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास झिलईतल्या लोह ऑक्साइडमधून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि वर येताना लोहही पृष्ठभागावर आणतात. तिथे लोहाचे ठिपके जमतात. उभ्या बाजूवरून ते ओघळले, की सशाच्या केसांसारख्या बारीक रेघा उमटतात. ओघळण्याआधीच थिजले, तर तेलाच्या थेंबांसारखी नक्षी राहते.

ताप कमी पडला तर रेघा उमटतच नाहीत. जास्त झाला तर झिलई बुडापर्यंत उतरते आणि पेला ज्या मातीच्या डब्यात ठेवलाय त्यालाच चिकटतो. म्हणून बुडाला झिलई लावत नसत, खाली मातीची चकती ठेवत. कडेवरची झिलईही खाली सरकते, तिथे कड खरखरीत राहते. मौल्यवान पेल्यांना मग धातूची पट्टी बसवत. त्यात भट्टी डोंगरउतारावर चढत गेलेली, कधी शंभर मीटरहून लांब, लाकडावर चालणारी. तिच्या दोन टोकांना ताप सारखा ठेवणं फार अवघड.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या झिलईत एप्सिलॉन प्रकारचं, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचनेचं दुर्मिळ लोह ऑक्साइड सापडलं. आजच्या प्रयोगशाळांत ते शुद्ध रूपात आणि मोठ्या स्फटिकांत बनवणं कठीण जातं. ज्येनच्या कुंभारांनी ते लाकडाच्या जाळावर घडवलं होतं.