आवाज बसतो घशात, बिघडतो मानेत

श्रोतेहो, नमस्कार. तालमी रंगात आल्या की नटांचे आवाज बसायला लागतात. गुळण्या आणि वाफ तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात वेळ घालवत नाही. आज सांगायचंय ते फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर या माणसाबद्दल. नट, दिग्दर्शक आणि आवाजाचा शिक्षक, तिन्ही भूमिका एकाच आयुष्यात!

जन्म १८६९ चा, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचा. तरुणपणी शेक्सपिअरचे उतारे रंगमंचावर सादर करून नाव मिळवत होता आणि ऐन उमेदीत आवाज दगा द्यायला लागला. घोगरेपणा वाढत गेला. औषधं झाली. मग डॉक्टर म्हणाले, प्रयोगाआधी दोन आठवडे शक्य तितकं कमी बोला. त्यानं ते पाळलं. प्रयोगाला उभा राहिला तेव्हा आवाज अगदी मोकळा होता. निम्मा कार्यक्रम होईतो पुन्हा घोगरा झाला आणि शेवटी तर बोलणंच मुश्कील झालं.

त्यानं डॉक्टरांना विचारलं, सुरुवातीला घसा ठणठणीत होता, म्हणजे बोलताना मीच काहीतरी चुकीचं करतोय ना? डॉक्टरांनी मान्य केलं. पण नेमकं काय, ते त्यांना सांगता येईना.

मग गडी आरशासमोर उभा राहिला. साधं बोलताना काही दिसलं नाही. उतारा म्हणायला लागला आणि तीन गोष्टी दिसल्या. डोकं मागे ओढलं जातंय, स्वरयंत्र खाली दाबलं जातंय आणि श्वास तोंडानं, आवाज करत, आत ओढला जातोय. पुन्हा सांगतो : डोकं मागे, स्वरयंत्र खाली, श्वास तोंडानं. नीट पाहिल्यावर साध्या बोलण्यातही तेच सापडलं, फक्त कमी प्रमाणात. श्वास आणि स्वरयंत्र थेट सुधारता येईनात. पण डोकं मागे जाणं थांबवलं की उरलेल्या दोन्ही गोष्टी आपोआप सैल पडायच्या.

आता खरी मेख. डोकं पुढे न्यायचं ठरवलं, तसं ते पुढे गेल्यासारखं वाटलंही. दोन्ही बाजूंना आणखी दोन आरसे लावले, तर डोकं मागेच! शरीराला जे वाटतं ते खरं असेलच असं नाही. एका शिक्षकानं त्याला शिकवलं होतं, पायांनी जमीन घट्ट धर. ते तो इतकं मनापासून करायचा की बोटं आवळली जायची आणि तो ताण पायांपासून मानेपर्यंत पोचायचा. शेवटी उपाय असा निघाला : वाक्य बोलायची ऊर्मी आली की आधी थांबायचं, मान सैल सोडायची, मगच बोलायचं. कधी तर बोलायचंच नाही, नुसता हात उचलायचा.

आवाज परत आला. दुसरे नट शिकायला येऊ लागले. सिडनीत त्यानं तरुणांना घेऊन नाटकं बसवली, १९०४ साली लंडन गाठलं आणि १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवत राहिला.

जाता जाता एक सांगतो. हल्ली संहिता मोबाइलवर वाचतात. मान खाली वाकते, घसा आवळला जातो आणि ती सवय पाठांतरात मुरते. संहिता कागदावर घ्या आणि डोळ्यांच्या उंचीवर धरा. तालमीत मोबाइल नकोच, हे माझं ठाम मत आहे.

आता करायचं काय? जमिनीवर पाठीवर झोपा, गुडघे वर, पायांचे तळवे जमिनीवर, डोक्याखाली दोन-तीन पुस्तकं. हनुवटी छताकडे गेली तर पुस्तकं कमी पडली, गळ्यावर दाबली गेली तर जास्त झाली. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग उभं राहून, जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून, जबडा सैल सोडा आणि कुजबुजल्यासारखा 'आ' म्हणत श्वास सोडा. तोंड मिटा, नाकानं श्वास आपोआप आत येऊ द्या. ओढू नका. पुन्हा सांगतो, ओढू नका. चार-पाच वेळा बास. आवाज बसलेला असताना मात्र कुजबूज नको, त्यानं बहुतेकांचा ताण वाढतोच. सतत खाकरणंही टाळा, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात.

आणि दिग्दर्शकांनो, मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. श्वास संपला की नेमकं तेच गिळलं जातं. 'मी त्याला मारलं नाही' यातलं 'नाही' पडलं, तर मागच्या रांगेला खुनाची कबुली ऐकू येते! अशा वेळी नटाला 'मोठ्यानं बोल' म्हणू नका. श्वास कुठे घ्यायचा ते संहितेत पेन्सिलीनं खुणा करून द्या. आरडाओरड्याचा प्रवेश तालमीच्या सुरुवातीला घेऊ नका आणि सलग तीन-चार वेळा तर मुळीच नको.

घोगरेपणा तीन आठवड्यांनंतरही टिकला, तर व्यायाम थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या.