मोन्सान्तो: एका कौलाचं घर

हे घर बघा. भिंती माणसाने रचल्यात, पण वरचं छप्पर म्हणजे एकच अखंड शिळा. गावकरी याला म्हणतात, 'एका कौलाचं घर'.

पोर्तुगालच्या पूर्वेला, स्पेनच्या सीमेजवळ, ७५८ मीटर उंच डोंगराच्या अंगावर मोन्सान्तो वसलंय. ग्रॅनाइटच्या या शिळा हलवायच्या भानगडीत इथे कुणी पडलंच नाही. शिळेला भिंत टेकवली, दोन शिळांच्या फटीत दार बसवलं, आणि संसार थाटला. १९३८ मध्ये 'पोर्तुगालमधलं सर्वांत पोर्तुगीज गाव' कोणतं, अशी स्पर्धा झाली. मान मोन्सान्तोला मिळाला. बक्षीस होतं चांदीचा कोंबडा. त्याची प्रतिकृती आजही मनोऱ्यावर दिसते.

वर चढत गेलं की किल्ला लागतो. ११६५ मध्ये राजाने ही जागा टेम्प्लर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाला दिली. एकोणिसाव्या शतकात दारूकोठाराचा स्फोट झाला आणि बरंच बांधकाम कोसळलं. पण गोष्ट कोसळली नाही. गोष्ट अशी: वेढा पडलेला, गडावर उरलं एक वासरू आणि थोडा गहू. तो गहू वासराला खाऊ घातला आणि त्याला तटावरून खाली लोटलं. पोट फुटलं, गहू सांडला. शत्रूला वाटलं, वर कोठारं भरलेली आहेत. वेढा उठला! त्याची आठवण म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला बायका अदूफ नावाचा चौकोनी डफ वाजवत गडावर जातात आणि तटावरून फुलांनी भरलेला घडा खाली टाकतात. त्यांच्या हातातली ही चिंध्यांची बाहुली, माराफोना. तिला डोळे नाहीत, तोंड नाही, कान नाहीत. नवदांपत्याच्या पलंगाखाली ती ठेवायची, म्हणजे तिथलं काही बघणार नाही, ऐकणार नाही, सांगणार नाही.

बहुतेक प्रवासी दुपारी येतात, फोटो काढतात, उतरतात. माझं मनापासून सांगणं, मुक्काम करा. गावातली जुनी घरं पाहुण्यांना भाड्याने मिळतात. गल्ल्या चढाच्या आणि दगडी, तेव्हा सामान बेताचंच आणा. हातात पडते ती चावी. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला. जेवायला बसलात की पाव समोर येतो, सोबत मेंढीच्या दुधाचं चीज, ऑलिव्ह, आणि सूपमध्ये बटाटा. पाव, बटाटा, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे.

रात्री गल्ली शांत होते. काही घरांत शिळा थेट खोलीत शिरलेली असते. उन्हाळ्यात तिला हात लावून बघा. दिवसभराचं ऊन अजून आत असतं.